कमवून शिकणार असाल, तर आधी प्रवेशाचा प्रकार पाहा

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावातली पोरं विचारायला येतात, "दादा, कोणत्या कोर्सला स्कॉलरशिप भेटते?" मी उलट विचारतो, प्रवेश कसा घेणार? नियमित, दूरशिक्षणातून, की तीन-चार महिन्यांच्या वर्गाला? कारण आपल्याकडे शिष्यवृत्ती मिळणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. घरी तीन एकर कोरडवाहू आहे, हे उत्पन्नाच्या दाखल्यात दिसतं. पोरगं दिवसभर कामाला जातं, त्यासाठी फॉर्मात रकाना नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, मग तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागलो आणि काम करता करता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. त्यामुळे दोन्ही प्रकारचे प्रवेश जवळून पाहिले.

शासकीय आयटीआय गरीब घरच्या पोरासाठी अजूनही सर्वांत चांगला सौदा आहे, असं माझं मत. फी कमी, प्रवेश नियमित, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज चालतो. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आयटीआय त्यात चौथ्या गटात येतं: 2021 च्या नियमांप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला 4,000 रुपये आणि घरून येणाऱ्याला 2,500, फी वेगळी. आयटीआयचं विद्यावेतन तर वर्षानुवर्षं महिन्याला 40 रुपये होतं, अलीकडे कुठे ते 500 झालं. चाळीस रुपयांत दोन चहा-समोसे होतात, म्हणून ते मागायलाही कोणी जात नसे.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप सोडू नका. 1961 च्या कायद्याने तिथे शिकताना पैसे मिळतात. महावितरण घेतं, वणी-चंद्रपूर पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्स घेतं. भरतीची जाहिरात येऊन जाते आणि पोरांना पत्ता नसतो, तेव्हा अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव आधीच नोंदवून ठेवा.

खरी अडचण पुढे येते. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की व्होल्टेज पडतं आणि वावरातल्या मोटारी जळतात. मग दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जळकी तार कापून काढायची, स्लॉट खरवडून साफ करायचे, इन्सुलेशनचा कागद घालायचा, नवी कॉइल बसवायची, वॉर्निश मारून वाळत ठेवायची. शेतकरी बाकावरून हलत नाही, कारण रात्री लाइन येणार आणि त्याला पाणी द्यायचं असतं. माझा कॉस्टिंगचा निम्मा अभ्यास वॉर्निश वाळेपर्यंतच्या वेळात झाला. संपर्क सत्र रविवारी असायचं, त्या दिवसाची मजुरी बुडायची. फी आणि बसभाडं दोन्ही खिशातून.

अशा विद्यार्थ्याला काय मिळतं? खुल्या प्रवर्गातल्यांसाठी मोठा आधार म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा आठ लाख. पण दूरशिक्षण आणि अर्धवेळ अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, तोही वसतिगृहाचा. पंजाबरावांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, अमरावतीत शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं तेव्हा घर सोडल्याशिवाय शिकताच येत नव्हतं. आज गावात राहूनच शिकणाऱ्याचा खर्च कोणी धरत नाही. अनुसूचित जातीच्या योजनेत मात्र फट आहे: 2010 च्या नियमांत पत्राद्वारे शिकणाऱ्यांना फी परतावा आणि पुस्तकांसाठी वर्षाला 1,200 रुपये होते. नोकरी करणाऱ्यालाही, स्वतःचं आणि आईवडिलांचं मिळून उत्पन्न मर्यादेत असलं तर, फी परत मिळायची तरतूद होती. खिडकीवरचा माणूस "रेग्युलर नाही, जमणार नाही" म्हणाला तरी तेवढ्यावर परत फिरू नका. समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा.

काम बुडवून शिकणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात सुताराला, लोहाराला, शिंप्याला दिवसाला 500 रुपये मिळतात, कारण तेवढ्या दिवसांचा त्याचा धंदा बंद असतो. वाइंडिंग करणाऱ्या पोराचा रविवार तसाच बुडतो. अमेरिकेत पेल ग्रँट म्हणून सरकारी मदत आहे; कमी क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा कमी भार, घेतला तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, पण बंद होत नाही. 2025 च्या कायद्याने ती आठ ते पंधरा आठवड्यांच्या कामधंद्याच्या कोर्सनाही लागू केली आहे, जुलै 2026 पासून. आपल्याकडे आता कॉलेजच्या पोरांचा एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा करायच्या बँकेतला नंबर, निघतो आणि क्रेडिट तिथे जमा होतात. जेवढे क्रेडिट तेवढी शिष्यवृत्ती, हे गणित मांडायला नवं यंत्र लागत नाही. मला विचाराल तर सर्वांत आधी हेच व्हावं.

ते होईस्तोवर आहे त्यातून मार्ग काढा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एकाच पातळीवर दुसऱ्यांदा शिकायला पैसे मिळत नाहीत, बी.ए. झाल्यावर बी.कॉम. घेतलं तर शिष्यवृत्ती विसरा. म्हणून "सध्या काहीतरी करून ठेवू" म्हणून प्रवेश घेऊ नका. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा, जूनमध्ये सेतूवर अख्खा तालुका उभा असतो. अर्ज भरला की काम संपलं असं नसतं. "सेंड बॅक" होऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येऊन, पडलेले अर्ज मुदत संपल्यावर कोणी उघडत नाही, तेव्हा दर आठवड्याला लॉगिन करून पाहा.

आणि आधार सीडिंग, म्हणजे बँक खात्याला आधार जोडणं. बँकेने आधारची झेरॉक्स घेतली म्हणजे सीडिंग झालं नाही. ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडलं, पैसे त्यात जातात, आणि आपल्याकडे पोस्टमनने दारात येऊन उघडून दिलेलं पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पुष्कळांच्या लक्षातही नसतं. पोर्टल पैसे जमा झाले म्हणतं, पासबुक कोरं, आणि पोरगं कॉलेजच्या क्लर्कशी भांडत बसतं. आधारच्या वेबसाइटवर आपला नंबर टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. अर्ज भरण्याआधी ते पाहून घ्या.