साथीच्या काळात डायलिसिस विभाग चालू ठेवताना

साथ आली की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलता येते. डायलिसिसला ती सवलत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास मशीनवर असणाऱ्या रुग्णाची पाळी चुकली की रक्तातील पोटॅशियम वाढते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. म्हणून या विभागाचे नियोजन खाटांपासून नव्हे, तर पाळ्यांच्या वेळापत्रकापासून सुरू करावे.

आदल्या दिवशी प्रत्येक रुग्णाला फोन करून ताप, खोकला आणि घरातील आजारपण विचारावे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णासाठी वेगळे मशीन ठेवण्याची शिस्त या विभागांना जुनीच आहे. पण तो विषाणू रक्तातून पसरतो, तर कोरोनाचा मुख्यतः हवेतून, त्यामुळे मशीन वेगळे केले आणि खोली तीच ठेवली तर फारसे काही साधत नाही. स्वतंत्र खोली नसेल, तर बाधित रुग्णांना दिवसाची शेवटची पाळी द्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर मशीन, खाट व जमीन निर्जंतुक करावी. संशयितांना मात्र अहवाल येईपर्यंत बाधितांमध्ये मिसळू नये. अत्यवस्थ रुग्णासाठी मशीन कोविड वॉर्डात न्यायचे असेल, तर तेथे फिरता आरओ संच (डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणारे यंत्र), पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय आहे का, हे साथ येण्यापूर्वीच तपासून ठेवलेले बरे.

टेक्निशियन मुळातच मोजके असतात. त्यांच्या ठरावीक तुकड्या कराव्यात, आणि एका तुकडीने दुसरीसोबत जेवणे, चहा घेणे टाळावे. मास्क उतरतो तो तिथेच.

कोल्हापुरात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. जुलै २०२१ मध्ये कोरोना आणि पंचगंगेचा महापूर एकाच वेळी आले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. गगनबावडा, चंदगड, शिरोळ अशा तालुक्यांतून येणाऱ्यांची यादी पावसाळ्यापूर्वी करावी, प्रत्येकासाठी जवळचे पर्यायी केंद्र ठरवावे आणि त्या केंद्राची संमतीही घेऊन ठेवावी. कोरडे वजन (अंगातील जादा पाणी काढल्यानंतरचे वजन), रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची मात्रा, फिस्टुला (सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे आणि हिपॅटायटिस व एचआयव्हीचे ताजे अहवाल, एवढे लिहिलेला कागद रुग्णाकडे प्लास्टिकच्या पिशवीत द्यावा; त्याच्या मागील बाजूस, पाळी लांबल्यास पाणी मोजून प्यावे आणि केळी, शहाळे टाळावे, हे ठळक लिहावे.