नेट गेले तरी दार उघडले पाहिजे : सोसायटीतल्या पार्सल लॉकरची जोडणी कशी करावी

पार्सल लॉकर, म्हणजे कुरिअरवाला पार्सल ठेवतो आणि रहिवासी कोड टाकून काढतो ते कप्प्यांचे कपाट, घेताना सोसायटीच्या मीटिंगमध्ये पत्र्याची जाडी, रंग आणि कप्प्यांची संख्या यांवर तासभर चर्चा होते. लॉकर रोज चालणार की महिन्याभरात 'बंद आहे'ची पाटी लागणार, हे मात्र वीज, नेट आणि सॉफ्टवेअरच्या जोडणीवर ठरते. सांगली-मिरजेत नवीन सोसायट्या वाढताहेत, दिवसभर घरे बंद असतात आणि पार्सले वॉचमनच्या टेबलाखाली साठतात. त्यामुळे लॉकरची गरज खरी आहे. जोडणीही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

खरेदीच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. दार उघडायचे की नाही, हा निर्णय लॉकरच्या आतल्या कंट्रोलरने (छोट्या संगणकाने) घ्यायचा. सर्व्हरला (दूरच्या मुख्य संगणकाला) फक्त कळवायचे, परवानगी मागत बसायचे नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, "नेट बंद असताना रहिवाशाला त्याचे पार्सल काढता येईल का?" उत्तर 'नाही' आले किंवा गोलमाल आले, तर तो लॉकर घेऊ नका.

जागा आणि वीज

सांगलीत जागा ठरवताना आधी कृष्णेचा विचार करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले होते. गावभाग, मारुती चौक या बाजूला लॉकर बसवायचा असेल, तर तळमजल्याच्या पार्किंगऐवजी पायऱ्या चढून गेल्यावरची जागा बघा. विश्रामबागेसारख्या उंच भागातही कंट्रोलर, पॉवर सप्लाय आणि बॅटरी सगळ्यात वरच्या ओळीतल्या कप्प्यातच बसवून घ्या. पाणी तुंबले तर खालचे कप्पे धुऊन वापरता येतात, बोर्ड नाही.

वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, हे गृहीत धरूनच बॅटरी निवडा. हिशोब सोपा आहे. कंट्रोलर, स्क्रीन आणि राउटर मिळून २० वॅट धरले, तर ८ तासांना १६० वॅट-तास लागतात. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६ वॅट-तास देते, म्हणजे कुलपे उघडायलाही पुरेशी वीज उरते. लॉकर १२ व्होल्टवर चालत असेल तर इन्व्हर्टर मध्ये घालू नका, बॅटरीवरून थेट डीसी द्या. अर्थिंग स्वतंत्र तपासा आणि लाइनवर विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा. विजा कडाडतात त्या संध्याकाळी याची किंमत कळते.

कुलपे आणि बोर्ड

प्रत्येक कप्प्याला सहसा १२ व्होल्टचे सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने सरकणारे) कुलूप असते आणि दार लागले की नाही हे सांगणारा छोटा स्विच असतो. स्विच नसलेली स्वस्त कुलपे मिळतात, ती नकोच. दार उघडे राहिल्याचे ज्याला कळत नाही, त्या लॉकरवर भरवसा ठेवता येत नाही.

कुलपांचे बोर्ड आणि कंट्रोलर सहसा आरएस-४८५ (दोन तारांवरून संदेश नेणाऱ्या) वायरिंगने जोडतात. इथे चार गोष्टी पाळा. वायर एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर अशी साखळीने न्या, एका ठिकाणाहून चार दिशांना फाटे काढू नका. कॅट-६ केबलमधली पिळलेली एक जोडी वापरा. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा, मधल्या बोर्डांना नाही. प्रत्येक बोर्डाचा पत्ता डिप स्विचने (बोर्डावरच्या छोट्या खटक्यांनी) वेगळा ठेवा. दोन बोर्डांना एकच पत्ता पडला, तर ३ नंबरसोबत २७ नंबरचे दारही उघडते आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

बऱ्याच बोर्डांचा आदेश पाच बाइटचा असतो : सुरुवातीची खूण, बोर्डाचा पत्ता, कुलपाचा क्रमांक, करायचे काम आणि शेवटी आधीच्या चारही बाइटचा एक्सऑर, म्हणजे आदेश वाटेत बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा. विक्रेत्याकडून हा प्रोटोकॉलचा (आदेशांच्या भाषेचा) कागद खरेदीच्या वेळीच लेखी घ्या. उद्या सॉफ्टवेअर बदलायचे झाले तर लॉकर तुमच्याच मालकीचा राहील, तो या कागदामुळे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आणखी एक सांगा. एका वेळी एकच कुलूप उघडावे आणि करंट अर्ध्या सेकंदात बंद व्हावा. एक कुलूप साधारण २ अँपिअर खेचते. 'सगळी दारे उघडा' म्हणून २४ कुलपांना एकदम आदेश गेला, तर ४८ अँपिअरची मागणी होते आणि कंट्रोलरच रीस्टार्ट होतो.

नेट

शक्यतो दोन वाटा ठेवा : सोसायटीचे फायबर आणि दुसऱ्या कंपनीचे ४जी सिम. दोन्ही एकाच कंपनीची घेतली तर दुसरीचा उपयोग फारसा राहत नाही. फायबर घेताना लॉकरसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला अलग केलेला भाग) करा. सीसीटीव्ही आणि क्लबहाउसच्या वायफायशी त्याचा संबंध नको.

लॉकर म्हणजे पत्र्याची पेटी, त्यामुळे आतला अँटेना निरुपयोगी ठरतो. अँटेना बाहेर, वरच्या बाजूला लावा. मोबाइलवरच्या काड्यांवर विसंबू नका. राउटरच्या पानावर आरएसआरपी हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो. तो उणे १०० डीबीएम किंवा त्याहून चांगला हवा. उणे ११० च्या खाली गेला तर जागा किंवा अँटेना बदला. हे मोजमाप पार्किंगमध्ये गाड्या भरलेल्या असताना, म्हणजे रात्री घ्या.

मोबाइल सिमला बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून लॉकरपर्यंत पोचता येत नाही. काही जण यावर उपाय म्हणून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेतात आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडतात. तसे करू नका. संपर्क लॉकरनेच सुरू करावा आणि तोच धरून ठेवावा.

सर्व्हरशी संपर्क

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

सततच्या संपर्कासाठी एमक्यूटीटी ही निरोप पोचवायची पद्धत चांगली. ती टीएलएससह (निरोप गुप्त ठेवणाऱ्या आवरणासह) ८८८३ पोर्टवर चालवा आणि प्रत्येक लॉकरला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र द्या. कीप-अलाइव्ह ('मी चालू आहे' असे कळवायचे अंतर) ६० सेकंदांचे ठेवले, तर दीडपट वेळ म्हणजे ९० सेकंद काही आले नाही की ब्रोकर (निरोप वाटणारा सर्व्हर) लॉकरला बंद समजतो. आधीच नोंदवून ठेवलेला 'मी बंद आहे' हा निरोप तो इतरांना पाठवतो, त्यामुळे वेगळी पाहणी-यंत्रणा लागत नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ या पोच-पातळीमध्ये निरोप किमान एकदा पोचतोच, पण दोनदाही पोचू शकतो. तापमानाची नोंद दोनदा आली तर बिघडत नाही. 'कप्पा १४ उघड' हा आदेश दोनदा आला तर रहिवासी पार्सल घेऊन गेल्यावर रिकामे दार पुन्हा उघडते. याहून वाईट म्हणजे जुना आदेश. सेक्रेटरींनी दुपारी ॲपवरून दार उघडायला सांगितले, तेव्हा नेट नव्हते, रात्री दोन वाजता नेट आले आणि दार उघडले, तेही कोणी समोर नसताना. म्हणून प्रत्येक आदेशाला स्वतःचा क्रमांक आणि ३० सेकंदांची मुदत असावी. कंट्रोलरने आधी केलेला क्रमांक पुन्हा करू नये आणि मुदत संपलेला आदेश नाकारावा. आदेशासाठी 'रिटेन' (शेवटचा निरोप ब्रोकरकडे जपून ठेवायचा) पर्याय कधीही वापरू नका.

मुदत तपासायची तर घड्याळ बरोबर हवे. कंट्रोलरवर बॅटरीचे घड्याळ असावे आणि ते एनटीपीने (नेटवरून वेळ घेऊन) जुळवावे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) आणि एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळ-सर्व्हरशी जुळवण्याचे सांगितले आहे, तेच वापरा.

उलट दिशेने, लॉकरमधली प्रत्येक घटना (दार उघडले, लागले, कोड चुकला) आधी कंट्रोलरच्या मेमरीत लिहावी, मग पाठवावी आणि पोचपावती आल्यावरच पाठवल्याची खूण करावी. नेट सहा तास नसले तरी नोंद हरवत नाही.

कोड कुठे ठेवायचा

कुरिअरवाल्याने पार्सल ठेवून दार लावले की सहा आकडी कोड कंट्रोलरनेच तयार करावा. कोड जसाच्या तसा साठवू नये. साधा हॅशही (कोडवरून काढलेली, उलटी न फिरवता येणारी खूण) पुरेसा नाही, कारण सहा आकडी कोड दहा लाखच असतात आणि संगणक ते क्षणात तपासतो. एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश, वापरा. पाच वेळा चूक झाली की दहा मिनिटे थांबवा. क्यूआर स्कॅनर जरूर लावा, पण कीपॅडही ठेवा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात स्कॅनर अडतो आणि प्रत्येक आजोबांच्या हातात स्मार्टफोन नसतो.

कुरिअर आणि सोसायटीचे ॲप

ही जोडणी एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) आणि वेबहुकने (घटना घडताच आपोआप येणाऱ्या निरोपाने) होते. पाच अवस्था पुरतात : रिकामा, राखीव, भरलेला, उघडा, नादुरुस्त. उत्तर वेळेत मिळाले नाही की समोरची सिस्टिम तोच वेबहुक पुन्हा पाठवते. शिपमेंट क्रमांक हीच ओळख धरा, म्हणजे एका पार्सलसाठी दोन कप्पे अडणार नाहीत. वेबहुकची सही तपासा, लगेच २०० ('मिळाले') हे उत्तर द्या आणि काम मागे रांगेत करा.

एसएमएस

ओटीपीचा एसएमएस पाठवायला डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. लॉकर यायच्या आधीच ती सुरू करा, नाहीतर यंत्र तयार आणि मेसेज अडकलेला अशी गत होते.

मजकूर मराठीत जरूर ठेवा, पण मोजून. मराठी एसएमएसला १६० ऐवजी ७० वर्णांची मर्यादा असते आणि काना-मात्रा, पाय मोडायची खूण सगळे वेगळे मोजले जाते. 'पार्सल' दिसायला तीन अक्षरे, मोजणीत सहा. सत्तरच्या पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे. सोसायटीचे लांबलचक नाव काढा. कप्पा क्रमांक, कोड आणि मुदत एवढेच ठेवा. कोडचे आकडे मात्र कीपॅडवर असतात तसेच इंग्रजी ठेवा.

नोंदी आणि चाचणी

नोंदी १८० दिवस ठेवा, पण त्यात मोबाइल नंबरचे शेवटचे चारच आकडे असू द्या. पूर्ण नंबर पार्सल गेल्यावर ठरावीक दिवसांत पुसला जावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

सुरू करण्याआधी विक्रेत्याला समोर उभे करून हे करून बघा. फायबर काढा, मग सिमही काढा आणि कोड टाकून पार्सल घ्या. मेन स्विच बंद करा आणि पुन्हा घ्या. दार मुद्दाम उघडे ठेवा, स्क्रीनवर आणि सेक्रेटरींच्या मोबाइलवर सूचना येते का बघा. एकच शिपमेंट दोनदा पाठवा. नेट बंद असताना ॲपवरून दार उघडायचा आदेश द्या, पाच मिनिटांनी नेट जोडा. दार उघडता कामा नये.

पहिले काही दिवस वॉचमनदादांचा सहभाग महत्त्वाचा. "साहेब, चौदा नंबर उघडत नाही" एवढे फोनवर सांगून भागत नाही, म्हणून लॉकरशेजारी तीन ओळींचा कागद लावा : स्क्रीन चालू आहे का, राउटरचा दिवा कोणता, दार हाताने दाबून पाहिले का. दार आतून दाबले गेले असेल तर कुलूप अडकते आणि बाहेरून दाबून कोड टाकला की बहुतेक वेळा सुटते.

हाताने उघडायची किल्ली बहुतेक लॉकरना असते. तिचे दोन संच करा, एक सेक्रेटरींकडे, दुसरा खजिनदारांकडे, आणि वापरली की तारखेसह वहीत सही.