व्हिडिओ खरा, मजकूर खोटा: पडताळणी करताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात माझ्याकडे पडताळणीसाठी येणारे बहुतेक फोटो आणि व्हिडिओ बनावट नसतात. ते जुने किंवा भलत्याच ठिकाणचे असतात आणि त्यांच्यासोबत फिरणारा मजकूर तेवढा खोटा असतो. नवशिके मात्र चित्रातली खाडाखोड शोधत बसतात, ती सापडली नाही की ‘खरा आहे’ म्हणून मोकळे होतात. चित्र खरे असणे आणि त्याखालचा दावा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तपासायचे असते ते त्या दोहोंमधले नाते.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते: ‘शोधून काही सापडले नाही, म्हणजे व्हिडिओ नवा आहे.’ ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना पुलाचा कठडा कोसळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ‘आपला पूल गेला’ या मजकुरासह आमच्या भागात फिरू लागला. एका उत्साही सहकाऱ्याने त्यातली एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एक स्थिर चित्र, गुगलवर शोधली, काहीच जुळले नाही, आणि दहा मिनिटांत त्याने ‘व्हिडिओ जुना नाही’ असे कळवून टाकले. त्याने निवडलेली फ्रेम नेमकी कठडा पडतानाची होती; कॅमेरा हलल्यामुळे ती धूसर झाली होती आणि तिच्यावर कोणीतरी मोठी देवनागरी अक्षरे चिकटवली होती. मी संपूर्ण व्हिडिओ आवाज बंद करून तीनदा पाहिला. अकराव्या सेकंदाला, छत्री धरलेल्या माणसाच्या मागे, बंद दुकानाची अर्धी पाटी दिसत होती. गोल वळणाची अक्षरे पाहून एकाने ती कन्नड ठरवली आणि सीमा जवळच असल्यामुळे सर्वांना ते पटलेही. प्रत्यक्षात लिपी मल्याळम होती. तेवढीच पाटी कापून पुन्हा शोध घेतल्यावर 2018 च्या केरळमधील महापुराचे चित्रण समोर आले. पण तोवर ‘जुना नाही’ हा निर्वाळा गावोगावच्या ग्रुपवर पोहोचला होता, आणि माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तो पूल टाळायचा म्हणून घरातल्या वृद्ध रुग्णाची दवाखान्याची फेरी पुढे ढकलली होती. दहा मिनिटांत निकाल देण्याच्या घाईबद्दल मला आजही राग येतो.

तेव्हापासून मी किमान पाच फ्रेम घेतो, त्याही शक्यतो शांत क्षणांच्या, ज्यांत पाट्या, गाड्यांचे क्रमांक, मैलाचे दगड आणि विजेचे खांब स्पष्ट दिसतात. वरची अक्षरे कापून टाकतो, चित्र एकदा आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पाहतो, आणि गुगल लेन्स, यांडेक्स, टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या तिन्ही साधनांवर शोधतो, कारण एकाला जे सापडत नाही ते दुसऱ्याला सापडते. टिनआयवर सर्वांत जुनी नोंद आधी लावता येते. मात्र ती नोंद म्हणजेच मूळ चित्रण, असे धरून चालू नये. इनव्हिडसारखे साधन व्हिडिओतून फ्रेम आपोआप काढून देते, तरीही मी त्या हातानेच निवडतो, कारण निवडताना व्हिडिओ खरोखर पाहिला जातो.

कापलेला व्हिडिओ पूर्ण समजणे ही तिसरी चूक, आणि तिची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 2018 मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांसोबत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, ज्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या बालसुरक्षा जनजागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे मूल लगेच परत आणून ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. नेमका तोच शेवट कापलेला होता. अशाच अफवांच्या वातावरणात 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. म्हणून व्हिडिओ अचानक सुरू होत असेल किंवा ऐन प्रसंगात तुटत असेल, तर त्याची लांब आवृत्ती मिळेपर्यंत मी कोणताही निर्वाळा देत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत चित्रणाची वेळ आणि ठिकाण शोधू नका. पाठवताना ती माहिती सहसा गळून जाते. हाताला बोटे कमी-जास्त आहेत का ते मोजून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे ओळखण्याचे दिवस संपले आहेत. ‘92 टक्के बनावट’ असे सांगणाऱ्या अॅपचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, आणि एका बटणावर उत्तर मागणाऱ्यांनी या कामात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा ग्रुपवर एकच व्हिडिओ आला, तर ते दहा साक्षीदार ठरत नाहीत. आवाजातल्या भाषेवरून ठिकाण ठरवण्याआधी ओठांची हालचाल पाहा, कारण आवाज नंतर चढवणे अगदी सोपे असते.

खुलासा करताना मूळ व्हिडिओ पुन्हा पाठवणे हीही चूकच आहे, कारण पुढे जाताना खुलासा गळतो आणि व्हिडिओ तेवढा उरतो. मी त्यातली एकच फ्रेम घेतो, तिच्यावर लाल फुली मारतो आणि खरे ठिकाण व वर्ष त्या चित्रावरच मोठ्या अक्षरांत लिहितो.