डिअरहाउंड हवा होता, टिटवी आली: लांब पायांचं पिल्लू वाढवताना या चुका टाळा

मला हवा होता स्कॉटिश डिअरहाउंड. २०११ साली अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टरच्या श्वानप्रदर्शनात हिकरी नावाच्या डिअरहाउंड मादीने सर्वोच्च मान पटकावला होता, तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन देव जाणे. राखाडी, झिपरी, आणि चालते कसली, तरंगतेच. घरात सांगून टाकलं, कुत्रा घेतला तर हाच. नर खांद्याशी अडीच फूट उंच आणि वजनाला ४५ किलोच्या घरात, हे वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. कुत्रं पाळण्याचा अनुभव म्हणावा तर आमच्या गोव्यातल्या माशेल गावच्या अंगणात येऊन भात खाऊन जाणारी गावची कुत्री, एवढाच.

आज घरात आहे ती कारवान जातीची कुत्री. नाव टिटवी, कारण पिल्लू असताना ती नुसती पायच होती. डिअरहाउंड काय, कारवान काय, ग्रेहाउंड काय, ही सगळी नजरेने शिकार हेरून धावत गाठणारी मंडळी. अंगाची ठेवण आणि स्वभाव बराचसा एका वळणाचा, म्हणून आमच्या चुका या सगळ्यांच्याच कामी येतील. हेळसांड म्हणावी अशी चूक आम्ही एकच केली. बाकी सगळ्या हौसेपोटी.

फोनवर दिसलेलं पिल्लू

डिअरहाउंड शोधताना मोबाइलवर एक विक्रेता सापडला. झिपऱ्या पिल्लाचे सहा फोटो, ‘इम्पोर्टेड लाइन’, आठ हजार आगाऊ. पैसे पाठवले. मग तो म्हणाला, विमानाचं भाडं वेगळं. नंतर म्हणाला, पिंजऱ्याचा विमा. त्यानंतर फोन लागेना. ते आठ हजार गेले ते गेले. पण नीट विचार केला असता तर पहिल्या फोटोलाच शंका यायला हवी होती. डिअरहाउंड त्याच्या मायदेशातही थोडा. त्यात आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आणले. ‘स्टॉकमध्ये आहे, उद्या पाठवतो’ असा डिअरहाउंड नसतो.

परदेशात चांगले पैदासकार डिअरहाउंडची पिल्लं विकण्याआधी त्यांच्या रक्ताची एक तपासणी करून घेतात. या जातीच्या काही पिल्लांत जन्मतःच यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असते. म्हणजे यकृताकडे जायचं रक्त न गाळताच अंगात फिरतं, आणि पिल्लू खंगत जातं. तपासणीचा कागद मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये. मोठेपणी या जातीला हृदयाचा, हाडांच्या कॅन्सरचा आणि पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि आयुष्य साधारण आठ-नऊ वर्षांचं. ज्याला कुठून तरी खरा डिअरहाउंड मिळणारच असेल त्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

२०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘पाच आठवड्यांचं आहे, लवकर लळा लागेल’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. लळा लागतो, पण आई आणि भावंडांत राहून दात किती जोरात रोवायचे हे जे पिल्लू शिकतं, ते राहून जातं. मग ते शिक्षण तुमच्या मनगटावर होतं.

शेवटी आम्ही गाडी काढली आणि चोर्ला घाट चढलो. बेळगाव, यरगट्टी, लोकापूर करत कर्नाटकातलं मुधोळ. तिथला हाउंड म्हणजे आपला कारवानच; मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला नावारूपाला आणलं आणि संस्थानाचं नाव त्याला चिकटलं. २००५ मध्ये टपाल खात्याने ज्या देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत हाही होता. जवळच तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. आम्ही पिल्लू एका शेतकऱ्याकडून घेतलं, पण आई बघितली, बाप बघितला, आणि आई अनोळखी माणसाला कशी वागवते हेही तासभर बसून बघितलं. पुढे उपयोगी पडलं ते हेच बघणं.

मनगटावरचे गोळे

तिसऱ्या महिन्यात टिटवीच्या पुढच्या पायांना, मनगटाच्या जागी, लिंबाएवढे गोळे दिसायला लागले. शेजारचे म्हणाले मुडदूस. औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचं टॉनिक आलं. मी सकाळी द्यायचो, बायको दुपारी, आणि आई रात्री दुधातून, एकमेकांना न सांगता. पंधरा दिवसांनी पिल्लू लंगडायला लागलं.

डॉक्टरांनी पायावरून हात फिरवला आणि टॉनिकची बाटली दाखवायला सांगितली. मग म्हणाले, ‘हे गोळे म्हणजे हाड जिथून वाढतं ती टोकं आहेत. लांब पायाच्या पिल्लांत अशीच दिसतात. बाटली घरी नेऊ नका.’ मोठ्या कुत्र्याचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंच आत जातं आणि वाढती हाडं वेडीवाकडी होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर वरून काहीच घालू नका. घरचंच द्यायचं असेल तर नुसता भात आणि बांगड्याची डोकी, हा आपल्याकडचा जुना बेत या पिल्लांना पुरत नाही. मांस, अंडी, थोडी भाजी, आणि कॅल्शियमचा हिशोब डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्यायचा. शिजवलेली कोंबडीची हाडं आणि माशाचे काटे कटाक्षाने बाहेर.

दुसरी बाजू बारीकपणाची. या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. दारावर मासळी घेऊन येणारी बाई दर दोन दिवसांनी विचारायची, ‘तिका जेवपाक दिनात काय?’ (तिला जेवायला देत नाही काय?) लाज वाटून आम्ही महिनाभर जास्त घातलं, आणि त्या कोवळ्या हाडांवर दोन किलोंचा फुकटचा भार चढवला. लोकांच्या बोलण्यावरून कुत्र्याचं ताट ठरवू नये.

आणि फरशी. गोव्यातल्या नव्या घरांत आरशासारखी टाइल्स, आणि त्यावर लांब पायांचं पिल्लू म्हणजे चारही पाय चार दिशांना. रोज घसरलं की सांध्यांवर ताण येतो. आम्ही काथ्याच्या चटया आणि जुनी गोणपाटं अंथरली. घर कोठारासारखं दिसलं, दिसू दे. झोपायला मात्र जाड गादी हवी. अंगावर चरबी नाही, कोपरं थेट जमिनीला टेकतात आणि तिथे घट्टे पडतात.

स्कूटरच्या मागे

धावणाऱ्या जातीचं आहे म्हणून स्कूटरला बांधून पळवणारे लोक मी सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत बघितलेत. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला असं पळवणं म्हणजे त्याचे पाय मोडायची व्यवस्था करणं. डिअरहाउंडची हाडं तर वर्ष-दीड वर्ष भरत राहतात. पिल्लाने कुंपणाच्या आत मनाला येईल तसं धावावं, मनाला येईल तेव्हा आडवं व्हावं. साखळीला बांधून तासभर रपेट नको, जिने नकोत, जेवणानंतर लगेच दंगा तर नकोच.

समुद्रावर न्यायचं असेल तर पहाटे, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दहानंतर तीच वाळू तापते. रापण ओढून झाली की नको असलेले मासे तिथेच टाकलेले असतात, त्यांत फुगलेला केंडही असतो. त्याच्या बऱ्याच जातींत जीवघेणं विष असतं. वाळूवर पिल्लाचं तोंड कुठे आहे याकडे डोळा ठेवा.

हातात रिकामा पट्टा

आता ती हेळसांड. पाचवा महिना, सकाळचे साडेसहा. मी टिटवीला घेऊन फाटकाशी उभा. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला, टिटवी दचकून दोन पावलं मागे सरली, मान खाली केली, आणि पट्टा कानांवरून सुळकन निघाला. त्याच क्षणी समोरच्या गडग्यावरून मांजर उतरली. माझ्या हातात साखळी, साखळीला पट्टा, पट्ट्यात कुत्रं नाही. ती रस्ता ओलांडून शेतात शिरली तेव्हा एक टेम्पो जेमतेम थांबला. पोदेर पाव तसेच टाकून माझ्याबरोबर धावला. काय उपयोग? ती पळत होती तेव्हा माझी हाक तिच्या कानावर पडत होती की नाही, कोण जाणे.

चाळीस मिनिटांनी ती आपणहून आली. मांडीवरची कातडी काटेरी तारेने उघडली होती, जशी चादर फाटते तशी. यांची कातडी फार पातळ. चौदा टाके पडले.

या जातींची मान डोक्यापेक्षा रुंद, म्हणून साधा पट्टा निसटतोच. मार्टिंगेल प्रकारचा पट्टा घ्या, जो ओढला की आवळतो पण गळफास लागत नाही, आणि त्याच्या जोडीला अंगात घालायचा हार्नेस. कुंपण नसलेल्या जागी सोडू नका, कितीही ‘येते हो बोलावल्यावर’ असलं तरी. बोलावल्यावर येते, मांजर नसेल तर. आमच्याकडच्या कोंबड्या आता जाळीत आहेत. पिल्लाला कोंबडीची सवय लहानपणीच लावायची असते, आम्ही उशिरा जागे झालो.

टाक्यांसाठी भूल द्यायची होती तेव्हा डॉक्टरांनी आधी जात विचारली. अंगावर चरबी कमी असल्याने या कुत्र्यांना काही जुन्या प्रकारच्या भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागतो. रक्ताचे आकडेही वेगळे: ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आणि थायरॉइडचं कमी असणं हे रोगाचं लक्षण असेलच असं नाही. लॅबच्या कागदावर बाण बघून गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना जातीची आठवण करून द्या.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात कारवानच्या तोकड्या केसांना थंडी वाजते, डिअरहाउंडच्या झिपऱ्या केसांत ओल राहते. दोघांनाही बाहेरच्या पडवीत बांधून ठेवणं चूक. फिरून आलं की पोट, काखा आणि बोटांच्या फटी कोरड्या करायच्या. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस गोव्यात चैन समजू नका, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं. बाकी लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील; मधला डोस चुकवू नका, आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पुरे होईतो भटकी कुत्री बसतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नका. पार्वो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. घरात कोंडायचं असंही नाही: उचलून देवळाच्या जत्रेत न्या, बाजार दाखवा, छत्री उघडून दाखवा. ते वय पुन्हा येत नाही.

गोचीड बारा महिने. कानाच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली रोज बोट फिरवायचं. ताप, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं की ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. गोठ्यात गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने पिल्लाला लावणं ही मी ऐकलेली सगळ्यांत वाईट युक्ती. एका ओळखीच्यांचं पिल्लू त्यात गेलं.

उन्हाळ्यात काजू. बोंडू पिल्लाने खाल्ला तर फार तर पोट बिघडेल, पण बीच्या सालीतलं तेल जाळतं. टिटवीने भाटात, म्हणजे बागेत, एक हिरवी बी चावली आणि दोन दिवस ओठ सुजून ती बैलासारखी दिसत होती. हसू येत होतं, आणि जेवत नव्हती म्हणून रडूही.

चवथ, दिवाळी आणि फटाके

घाबरलेलं धावरं कुत्रं किती लांब जाईल याचा नेम नाही. पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीच्या वेळी फटाक्यांची माळ लागली तेव्हा टिटवी माटोळीखालून (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालून) सरळ दाराकडे निघाली. दार बंद होतं हे नशीब. तेव्हापासून सणाच्या दिवसांत गळ्यात फोन नंबरची पट्टी, अंगात हार्नेस, आणि संध्याकाळचं फिरणं दिवस असतानाच. दिवाळीत नरकासुराच्या रात्री ती आतल्या खोलीत असते, खिडक्या बंद, पंखा मोठ्यावर, मी शेजारी जमिनीवर. पहाटे नरकासुराचा पुतळा जळेपर्यंत वाड्यावर ढोल आणि स्पीकर चालू असतात. तिची पाठ माझ्या पोटाला टेकलेली असते आणि अधूनमधून थरथरते. साडेपाचला सगळं शांत झालं की ती उठते, अंग ताणते, आणि पोह्यांच्या वासाने स्वयंपाकघराकडे जाते.