शिवसागरात होडी बांधताना

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीला आमची होडी काठाला आखूड दोरानं बांधलेली असायची. पावसाळा सरून कोयनेचं पाणी उतरू लागलं, की सकाळी ती चिखलात कललेली दिसे. १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं धरण. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत राहतं, तसा काठ मागे सरकत जातो.

आता पुढचा दोर काठावरच्या खुंट्याला आणि मागून नांगर खोल पाण्यात. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडतो, नाहीतर नांगर रुतण्याऐवजी फरफटतो. नांगराजवळ थोडी साखळी जोडली, म्हणजे ओढ आडवी लागते. दोर कडेला घासायचा, तिथं पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा चढवला. फुकटात काम झालं! पाणी उतरेल तसा पुढचा दोर मात्र सैल करत राहावा लागतो.

काठाला लागताना तोंड वाऱ्याकडे, इंजिन अगदी हळू. वारा पाठीशी घेऊन सुसाट येणारे हौशी लोक मला बघवत नाहीत. उन्हाळ्यात बुडालेल्या गावांची जोती वर येतात. तेव्हा एकानं पुढं बसून बांबूनं खोली चाचपावी, दुसऱ्यानं इंजिनाचा पंखा वर घ्यावा. पाहुण्यांनी वाट वासोटा किल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्या नावाड्यांना विचारावी, नकाशाला नव्हे.