एएलएसचं निदान झालंय? मग या चुका टाळा, आम्ही यातल्या बऱ्याच केल्यात

बाबांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना आपोआप निसटायला लागली, तिथून आमचं सगळं सुरू झालं. कमरेची नस दबलीय या समजात सात-आठ महिने गेले, मग एका न्यूरॉलॉजिस्टनी ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विजेची तपासणी, करायला लावली आणि एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. स्नायूंना चालवणाऱ्या नसाच मरत जातात, त्यामुळे हातपाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास असं एकेक जात राहतं. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना २ ते ५ वर्षं मिळतात. स्टीफन हॉकिंग १९६३ मध्ये निदान होऊन २०१८ पर्यंत जगले हे खरंय, पण ते फार क्वचित होतं, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच उदाहरण द्यायचा, आम्हालाही ते ऐकायला बरं वाटायचं आणि "पुढचं पुढे बघू" करत आम्ही बसून राहिलो. हीच सगळ्यात मोठी चूक. या आजारात प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही.

पोटातल्या नळीचंच घ्या. पेग म्हटलं की आपल्याकडे "आता नळी घातली म्हणजे संपलंच" असं वाटतं, म्हणून जो तो ती शेवटपर्यंत ढकलतो. पण ही नळी फुप्फुसांची ताकद बऱ्यापैकी असतानाच बसवलेली बरी, एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकता येणारी हवा, अपेक्षेच्या ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्याच छोट्या प्रोसिजरचा धोका वाढतो. नळी असली तरी गिळता येतंय तोवर चवीपुरतं तोंडाने खाता येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. खुणा आधीपासून होत्या. बाबांनी चहा सोडला, आम्हाला वाटलं ॲसिडिटी असेल, पण चारचौघांत ठसका लागतो म्हणून ते टाळत होते. पाणी, चहा, ताक असं पातळ काही घट्ट पदार्थांपेक्षा जास्त ठसका लावतं, चिवडा-पोह्यासारखं कोरडं भुरभुरीतही तसंच. जेवायला तासभर लागायला लागला, बेल्टला नवीन भोक पाडावं लागलं की थांबू नका, डॉक्टरांशी नळीचं बोला. वजन उतरणं या आजारात खरंच घातक आहे.

श्वासाच्या बाबतीत आमची फसगत झाली ती बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमुळे. ९६ दिसतंय म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो. इथे खरा प्रश्न असतो कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडण्याचा आणि तो त्या मशीनवर दिसत नाही. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, आडवं झोपता न येणं, दिवसा पेंग येणं ही त्याची लक्षणं. अशात घाबरून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणून नुसता ऑक्सिजन लावला तर उलट कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. लागतो तो बायपॅप, मास्कमधून श्वासाला जोर देणारा. दर तीन महिन्यांनी फुप्फुसांची टेस्ट करून घ्या आणि बायपॅपची सवय हळूहळू लावा, पहिल्या रात्री बाबांनी दहा मिनिटांत मास्क काढायला लावला होता. आणि लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टर आहे एवढ्यावर विसंबू नका, एकदा दिवसाढवळ्या मेन स्विच बंद करून मशीन किती तास चालतंय ते स्वतः बघा.

बोलणं जाण्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आमचं ते राहिलं आणि आजही जिवाला लागतं. नंतर एका पुठ्ठ्यावर क ख ग घ च्या ओळी लिहिल्या, आई एकेक ओळ बोटाने दाखवायची आणि हवं ते अक्षर आलं की बाबा डोळे मिटायचे. पण "मान सरळ कर" एवढ्यासाठी दहा मिनिटं जायची, म्हणून खाली तयार शब्द लिहिले, लाळ, खाज, उशी, पाय सरकव, पंखा. हा पुठ्ठा आवाज असतानाच करा, तो माणूस स्वतः सांगू शकतो कुठले शब्द हवेत.

त्याच पुठ्ठ्यावर आम्ही विचारलं की पुढे गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायचा का. बाबांनी आधी उलटा प्रश्न केला, एकेक अक्षर करत, "आईला झोप मिळेल का". मग "नको". हा प्रश्न आयसीयूच्या दारात मुलांना विचारला जातो तेव्हा कोणालाच "नको" म्हणता येत नाही आणि आयुष्यभर ते खात राहतं, म्हणून माणूस सांगू शकतोय तोवर त्यालाच विचारा आणि लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन एवढं पुरतं. मन बदललं तर कागदही बदलता येतो.

बँकेचं काम हातात पेन धरता येतोय तोवर उरका, जॉइंट खातं, नॉमिनी सगळं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्डही लवकर काढा.

स्टेम सेलवर पैसे घालवू नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे एएलएससाठी ते मान्य उपचार नाहीत, फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये देता येतात आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. आमच्या नात्यात एकांनी त्यापायी शेत विकलं. तोच पैसा बायपॅप, हवेची गादी, लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन आणि रात्रीच्या मावशींना लावा. रात्रीच्या मावशी आधीच ठेवा, आम्ही ठेवल्या तेव्हा आईची कंबर गेलेली होती.

आणि पेशंटला उठवताना हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. बाबा विनाकारण रडायला किंवा हसायला लागायचे, आम्ही समजूत घालत बसायचो, पण तोही आजाराचाच भाग असतो आणि त्यावर गोळी आहे, डॉक्टरांना सांगा.

आमच्या फ्रिजवर शेवटी एक कागद चिकटवला होता, अँब्युलन्सवाल्यांसाठी. आजाराचं नाव, बायपॅपचं सेटिंग, "नुसता ऑक्सिजन देऊ नका", "सपाट झोपवू नका", लिव्हिंग विल कपाटाच्या वरच्या खणात. आणि खाली मोठ्या अक्षरात, "यांना सगळं ऐकू येतं आणि समजतं, यांच्याशीच बोला."