महागडे स्पीकर घेताय? आधी खोली मोजा, आणि या चुका टाळा

राजेंद्र नगरमधल्या माझ्या एका मित्राने मागच्या दिवाळीला टॉवर स्पीकरची जोडी घेतली. छातीइतकी उंच, अक्रोडी रंगाची, साडेचार लाखांची. आठवडाभराने त्याचा फोन आला, "अरे, दुकानात ऐकले तेव्हा आवाज वेगळाच होता. जरा येऊन बघ ना." गेलो. त्याने अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावला. खाँसाहेब खर्जात उतरले की एखादा स्वर खोलीभर घुमायचा आणि त्याच्या शेजारचा दबून जायचा. डग्ग्यावरची मींड ऐकूच येत नव्हती, प्रत्येक आघाताला तेच ते "धुम्म". ज्यांच्या गायकीने इंदूर घराण्याला नाव दिलं त्यांना इंदुरातच, इतके पैसे मोजून, असं ऐकावं लागावं याचं मला फार वाईट वाटलं.

दुकानदाराने त्याला उपाय सांगितला होता, "भिया, केबल बदल लो." अठ्ठावीस हजारांची केबल.

आम्ही आधी टेप काढली. खोली बारा बाय बारा, वर दहा फुटांवर स्लॅब. दोन्ही स्पीकर दोन कोपऱ्यांत भिंतीला चिकटून आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. खाली कोटा फरशी, एका बाजूला काचेची मोठी सरकती खिडकी. दोष केबलमध्ये असायचं कारणच नव्हतं.

चूक पहिली आणि सगळ्यांत महाग: खोली न मोजता स्पीकर ठरवणं

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या लाटा अडकून पडतात. ती कंपनसंख्या काढायला सोपा हिशेब आहे: ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ येतात, त्याची दुप्पट ९४. आता पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झवर असतो, मंद्र सा ६९ वर आणि मंद्र मध्यम ९२ च्या आसपास. म्हणजे बारा फुटी खोलीत हा मध्यम फुगणार आणि बाजूचे स्वर मागे पडणार. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच आकड्यावर घुमतात, त्यामुळे दोष दुप्पट जाणवतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर या लाटांना सगळ्यांत जास्त जोर देतो, आणि भिंतीला टेकून बसलेला माणूस त्या सगळ्यांत जोरात ऐकतो. मित्राच्या घरी या तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

स्पीकर आम्ही भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले, बाजूच्या भिंतींपासूनही दोन-सव्वादोन फूट आत घेतले, सोफा हातभर पुढे आणला. स्पीकरच्या पाठीमागे हवेचं भोक होतं, त्यात कंपनीने खोक्यात दिलेले फोमचे बुच्चे बसवले. तोच ख्याल पुन्हा लावला. डग्ग्यावर तळहात दाबून स्वर चढवतात ना, ती मींड आता सरकताना ऐकू आली. मित्र काही बोलला नाही, फक्त मागे नेऊन तोच तुकडा तीनदा ऐकला.

घुमणं सगळं गेलं असं मात्र नाही. एवढ्या खोलीला एवढे मोठे स्पीकर मुळात नको होते. बारा बाय बाराच्या खोलीत, तेही मुख्यतः गाणं, पेटी, सतार, नाट्यसंगीत ऐकायचं असेल तर चांगले बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे) स्पीकर पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे. ५० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर आपलं बहुतेक संगीत पूर्ण ऐकवतो. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या ओबी व्हॅनसाठी (बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीसाठी) एलएस३/५ए हा जेमतेम पाच लिटरच्या डब्याचा स्पीकर बनवला. मानवी आवाजाच्या खरेपणासाठी लोक आजही तो शोधत असतात. डब्याच्या आकारावरून दर्जा ठरत नाही, हे त्याच्याकडे बघून पटतं. मोठी बैठक असेल, पंधरा बाय वीसच्या पुढची, तर टॉवर खुशाल घ्या.

डेमो ऐकताना होणाऱ्या चुका

दोन स्पीकरांची तुलना करताना ज्याचा आवाज थोडा मोठा तो कानाला जास्त चांगला वाटतो, भरदार वाटतो. फरक एका डेसिबलचा असला तरी. म्हणून जोडी बदलली की आवाजाची पातळी पुन्हा जुळवायला सांगा. मोबाइलवरचं साधं डेसिबल मोजणारं अ‍ॅप एवढ्यापुरतं चालतं. दुकानदार कुरकुर करेल, तरी आग्रह धरा.

दुकानातली गाणी ऐकू नका. ती त्या स्पीकरवर उठून दिसतात म्हणूनच निवडलेली असतात. आपल्या ओळखीच्या चार गोष्टी पेन ड्राइव्हवर न्या: तानपुरा स्वच्छ ऐकू येणारा एक ख्याल, पेटी आणि बाईचा चढा आवाज एकत्र असलेलं एखादं पद, एकल तबला, आणि एखाद्याचं नुसतं बोलणं. बोलण्याला कान फसत नाही. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, किंवा प्रत्येक "स" टोचला, तर तो स्पीकर तिथेच सोडा. तानपुऱ्याच्या जवारीकडे नीट लक्ष द्या. चार तारांची गुंज एकमेकांत मिसळूनही वेगवेगळी कळली पाहिजे. घरात खरा तानपुरा किंवा पेटी असेल तर निघण्यापूर्वी दहा मिनिटं वाजवून कान त्यावर बसवून घ्या.

आणखी एक. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा संग्रह जुन्या ध्वनिमुद्रणांचा असतो. त्यात टेपची सरसर असते, खरखर असते. ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक आवाज, मुद्दाम उजळ केलेले स्पीकर दुकानात पहिल्या पाच मिनिटांत "किती स्पष्ट" वाटतात, घरी मात्र सरसर पुढे येते, गायकाचा आवाज पातळ होतो आणि अर्ध्या तासात कान थकतात. म्हणून पाच मिनिटांत निर्णय घेऊ नका. निदान पाऊण तास बसा.

डोळ्यांचाही परिणाम होतो. कॅनडातले संशोधक फ्लॉइड टूल यांनी आयुष्यभर पडद्याआड स्पीकर ठेवून चाचण्या घेतल्या. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दाखवून आणि एकदा न दाखवता ऐकवले. दिसल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले, छोट्याचे घसरले. न बघता ऐकणाऱ्यांना मात्र बहुधा तेच स्पीकर आवडतात ज्यांचा आवाज समोर सपाट असतो, म्हणजे कुठलाच स्वर फुगत किंवा दबत नाही, आणि बाजूलाही एकसारखा उतरत जातो. तेव्हा डोळे मिटून ऐका, आणि एकदा खुर्चीवरून उठून तिरक्या जागेवर उभं राहूनही ऐका.

मे महिन्यात कूलर चालू असताना डेमो घेऊ नये, आणि घरीही निवाडा करू नये. कूलरच्या घरघरीत तानपुऱ्याचे बारकावे बुडतात आणि आपण नकळत आवाज वाढवत राहतो. माळव्यात रात्री गारवा उतरतो, रस्ता शांत होतो. खरी परीक्षा तेव्हा घ्या. स्पीकर कूलरच्या ओल्या झोतात तर कधीच ठेवू नका, कागदी कोन ओल धरतो.

शक्य असेल तर घरी डेमो मागा. लाखाच्या वरच्या खरेदीत ही मागणी अवाजवी नाही. दुकानाची खोली आणि तुमची खोली एक नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे.

कागदावरचे आकडे

"दोनशे वॉटचा स्पीकर" याचा अर्थ तो दोनशे वॉटचा आवाज देतो असा नाही. तो किती सोसू शकतो एवढंच त्यातून कळतं. बघायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा. ९० डेसिबलचा स्पीकर जेवढा वाजतो तेवढाच ८४ डेसिबलचा वाजवायला अँपची (अँप्लिफायरची) ताकद चौपट लागते. इथे एक खाच आहे. हा आकडा बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेला असतो. आठ ओम रोधाच्या स्पीकरला तेवढ्यात एक वॉट जातो, चार ओमच्याला दोन. त्यामुळे चार ओमचा स्पीकर कागदावर तीन डेसिबल जास्त देखणा दिसतो. आणि तुमचा अँप चार ओमवर चालवायला बनलेला आहे का, हे अँपच्या पाठीमागे छापलेलं असतं, ते आधी वाचा.

गादीवर बसणाऱ्यांसाठी

याबद्दल कुणी सांगत नाही, आणि आपल्या घरांत तर हीच गोष्ट महत्त्वाची. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणारा छोटा घुमट, साधारण कानाच्या उंचीला हवा. स्पीकर आणि स्टँड बनतात सोफ्याच्या हिशेबाने, जिथे कान जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास येतो. आपण गाणं ऐकायला गादी-तक्के घालून मांडी ठोकून बसतो. तिथे कान अडीच-पावणेतीन फुटांवर असतो. बऱ्याच स्पीकरांत ट्वीटर आणि वूफरचा (खालचे आवाज काढणाऱ्या मोठ्या कोनाचा) आवाज जिथे जुळतो तिथली जुळणी खाली-वर झाल्यावर बिघडते, आणि नेमका आवाजाचा मधला भाग पोकळ होतो. रामबागेतल्या एका काकांकडे हाच दोष होता. ते म्हणायचे, "उभं राहिलो की वेगळं, बसलो की वेगळं." त्यांना वाटे वूफर खराब झालाय.

उपाय असा: नेहमीच्या जागी बसा, घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत टेप धरायला सांगा. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची वजा करा. उरेल तेवढा स्टँड. काकांना १९ इंची निघाला. तो त्यांनी लोखंडाचा बनवून घेतला, पोकळ खांबात कोरडी वाळू भरली. टॉवर असेल तर पुढचे दोन पाय थोडे खाली करून तो किंचित पुढे झुकवता येतो, मात्र घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग नको.

घरी आणल्यावर काही बिनसलं तर

बेस अचानक नाहीसा झाला, गायक मधोमध उभा न राहता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो: एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. अँप बंद करून एकाच बाजूच्या तारा बदला.

सतत "हूं" असा आवाज: सगळ्या जोडण्या काढा आणि एकेक लावत जा. पुष्कळदा तो टीव्हीच्या केबलच्या वायरीतून येतो, ती काढली की थांबतो. अर्थिंगची पिन कापून "हूं" घालवणारे भेटतील. तसं कधीही करू देऊ नका, जिवाशी खेळ आहे तो. फक्त वीज गेल्यावर गुणगुणत असेल तर इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर बदलून साइन वेव्हचा घ्यावा लागेल.

ठरावीक स्वराला खरखर: स्पीकरला दोष देण्याआधी खोलीत फिरा. २० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढत जाणारा स्वर मोबाइलवरून लावा आणि लोखंडी कपाटाचं दार, शोकेसमधल्या बश्या, भिंतीवरच्या फोटोची काच यांवर एकेक हात ठेवत जा. मित्राकडे कपाटावर ठेवलेली रिकामी सुटकेस वाजत होती.

टाळी वाजवल्यावर "टर्रर" असं उत्तर येत असेल तर दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. एका बाजूला पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा लावा. पातळ सतरंजीने फक्त वरचा आवाज थोडा मवाळ होतो, जाड गादी जास्त काम करते. बेसवर मात्र दोन्हींचा उपयोग नाही, तिथे स्पीकर आणि बसायची जागा हलवणं हाच मार्ग.

केबलचं म्हणाल तर पाच मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर पुरेशी आहे, तिचा जाऊन-येऊन रोध ०.०७ ओमच्या आसपास भरतो. अठ्ठावीस हजार वाचवा आणि संगीतावर खर्च करा.

परदेशातून आणणार असाल तर

हे माझ्या हातून झालेलं आहे. माझ्या मेहुण्याने अमेरिकेतून येताना अँप आणला, मी मागे न बघता पिन लावली. तो १२० व्होल्टचा होता, आपली वीज २३० ची. एक "फट्" आणि जळका वास. साधे, विजेची पिन नसलेले स्पीकर आणायला हरकत नाही, पण अँप आणि अँप आत असलेले स्पीकर आणताना मागची पट्टी वाचा, आणि भारतात वॉरंटी लागू आहे का ते लेखी विचारा.

जुने स्पीकर घेणार असाल तर जाळी काढून वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची पट्टी दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होते, रबराची बरीच टिकते. फोम गेलेला असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडा, पट्टी नवी बसवून मिळते.

मित्राचा महिन्याने पुन्हा फोन आला, "परत घुमतंय रे." मी जाऊन पाहिलं, तर दोन्ही स्पीकर भिंतीला टेकलेले. मावशी फरशी पुसताना ते मागे सरकवायच्या आणि तसेच ठेवायच्या. आम्ही टेप धरून पुन्हा अडीच फूट मोजलं आणि कोटा फरशीवर स्पीकरच्या चारी कोपऱ्यांना पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मावशींना एकदा दाखवून ठेवलं. आता त्या पुसून झालं की दोन्ही स्पीकर बरोबर खुणांवर आणून ठेवतात.